एकांताचे बेट

‘एकांत’ हा आपल्या भाषेतील एक भाग्यवान शब्द आहे. संतांनी त्याला गौरविले, कवींनी त्याला आळविले, आणि प्रपंचात गुरफटलेला सामान्य माणूस तो मिळत नाही म्हणून नित्य उसासे टाकीत आला. परंतु ह्याच शब्दाला ‘वास’ ही दोन अक्षरे जोडली की त्याचा चेहरामोहरा पालटतो. ऋषिमुनींचा एकांतवास सोडून दिला, तर व्यवहारात एकांत आपण मागून घेतो, आणि एकांतवास मात्र दुसरा कोणी तरी आपल्यावर लादतो. एकाच शब्दाच्या ह्या दोन बाजू समोरासमोर उभ्या राहिलेल्या, आणि मध्ये केवळ खाडीएवढे पाणी, असे दृश्य पाहावयाचे असेल तर अंदमानातील रॉस बेटाकडे वळले पाहिजे. ह्या बेटाचे नाव ३० डिसेंबर २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे आहे, आणि समोरच्या पोर्ट ब्लेअर शहरास सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात. जुन्या काळाची हकीकत सांगताना मात्र त्या त्या काळची नावे वापरणे सोयीचे होईल.

ह्या विषयाकडे माझे लक्ष जाण्याचे कारण अगदी गद्य आहे. मी केंद्र सरकारच्या सेवेतील एक कारकून. बंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरम येथे राहतो, आणि कचेरीत इतर कामांबरोबर रजा-प्रवास सवलतीची बिले तपासतो. स्वग्रामी जाण्याच्या सवलतीऐवजी विमानाने अंदमानास जाण्याची मुभा सरकारने अलीकडच्या काळात कर्मचाऱ्यांना दिल्यापासून ह्या बिलांवर अंदमानचे नाव वारंवार दिसू लागले. ज्या प्रवासाच्या नुसत्या उल्लेखाने आपल्या पणजोबांच्या अंगावर काटा उभा राहिला असता, तो प्रवास आज लोक हौसेने, मुलाबाळांसह आणि सरकारी खर्चाने करतात. परत आल्यावर ते छायाचित्रे दाखवितात. पांढरी वाळू, निळे पाणी, किनाऱ्यालगतच्या झाडीत लपलेल्या लाकडी झोपड्या. ह्या विश्रामस्थानांच्या जाहिरातींत एकच वचन पुनःपुन्हा दिलेले असते: येथे तुम्हांला कोणी पाहणार नाही, येथे तुम्हांला कोणी गाठणार नाही. हे वचन वाचताना सहज मनात आले की, ह्याच गुणासाठी ह्या बेटांची निवड पूर्वीही एकदा झाली होती. फरक एवढाच की, त्या वेळी ते वचन नव्हते, शिक्षा होती.

अंदमानात इंग्रजांनी पहिली वसाहत केली ती १७८९ साली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमारातील लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर ह्याने किनाऱ्याची पाहणी करून चॅथम बेटावर तळ दिला. उत्तम बंदर, मुबलक लाकूड आणि वादळात सापडलेल्या जहाजांना आसरा असा तिहेरी हेतू त्यामागे होता. १७९२ साली ती वसाहत बेटांच्या ईशान्य टोकाकडे हलविण्यात आली. तेथे रोगराईने माणसे इतकी दगावली की १७९६ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. पुढील साठ वर्षे ही बेटे पुन्हा मूळच्या रहिवाशांकडे राहिली.

१८५७ च्या उठावाने प्रश्न नव्याने उभा केला. हजारो माणसे पकडली गेली होती. सगळ्यांनाच फाशी देणे शक्य नव्हते, आणि हिंदुस्थानातील तुरुंगांत त्यांना ठेवणे सरकारला धोक्याचे वाटत होते. बंगालच्या तुरुंगांचे मुख्य निरीक्षक डॉ. मौट ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती अंदमानास धाडण्यात आली, आणि तिने दिलेल्या अनुकूल अहवालानंतर निर्णयास विलंब लागला नाही. १० मार्च १८५८ रोजी आग्र्याच्या तुरुंगाचे माजी अधीक्षक डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे बंदिवान घेऊन ‘सेमिरामिस’ जहाजाने पोर्ट ब्लेअरच्या बंदरात आले. बरोबर एक ओव्हरसियर, दोन डॉक्टर आणि नौसैनिकांचा पहारा. काळ्या पाण्याची शिक्षा नावाचे जे एक मोठे दालन आपल्या इतिहासात उघडले, त्याची सुरुवात ही अशी मोजक्या माणसांनिशी झाली.

मुख्य ठाण्यासाठी वॉकर ह्यांची दृष्टी बंदराच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा बेटावर स्थिरावली. डॅनियल रॉस ह्या सागरी सर्वेक्षकाच्या नावाने ते ओळखले जाई. क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. मोठ्या बेटावरील दाट रानापेक्षा ते सुरक्षित होते. कारण चहूकडून पाणी असल्याने तेथे ना बंदिवान बंड करून सहज निसटू शकत होते, ना रानातील धनुर्धारी अकस्मात चालून येऊ शकत होते. प्रशासनाच्या भाषेत बोलायचे तर जागा फार सोयीची होती. ते रान तोडणे, जमीन सपाट करणे, झोपड्या उभारणे, ही सारी कामे अर्थातच बंदिवानांनी केली. वाट फुटेल तिकडे पळणारेही पुष्कळ होते. काहींची अशी समजूत होती की, हे रान पुढे ब्रह्मदेशाला मिळते. रानात ते भुकेने मेले, बाणांनी मेले, आणि जे परत आले अथवा पकडले गेले त्यांपैकी ऐंशीहून अधिकांना वॉकर ह्यांनी फासावर चढविले. ही शिक्षा वरिष्ठांनाही अतिरेकी वाटली, आणि असे पुन्हा होऊ नये अशी ताकीद त्यांना मिळाली. परंतु ताकीद मिळण्यापूर्वी दोर ओढले गेले होते.

ह्या प्रसंगात आणखी एक पक्ष होता, आणि त्याला कोणी काही विचारले नव्हते. तो पक्ष म्हणजे ह्या बेटांचे मूळ रहिवासी. ही माणसे हजारो वर्षे आपल्या एकांतात राहत आली होती. मे १८५९ मध्ये त्यांनी ॲबर्डीन येथील तळावर हल्ला केला. बंदुकांपुढे बाणांचे काय चालणार? मग त्यांना माणसाळविण्याचे ठरले. १८६३ साली रेव्हरंड हेन्री कॉर्बिन ह्यांनी रॉस बेटावरच ‘अंदमान होम’ नावाचे एक आश्रयस्थान काढले. तेथे त्यांना अन्न मिळे, कपडे मिळत, थोडे इंग्रजीही शिकविले जाई. परंतु तेथून त्यांना रोगही मिळाले. उपदंश पसरला, १८७७ मध्ये गोवराची साथ आली. १९०१ च्या शिरगणतीत ग्रेट अंदमानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांतील माणसे ६२५ भरली, १९३१ मध्ये ९०, आणि १९६१ मध्ये अवघी १९. ज्या कचेऱ्यांतून हे आकडे लिहिले गेले, त्यांतील लेखनिकांची अक्षरे सुबकच असतील. आकडा लहान होत गेला की रकाना भरण्याचे श्रम तेवढे कमी होतात.

दरम्यान रॉस बेट सजत होते. आरंभीच्या झोपड्यांच्या जागी दगडाविटांच्या इमारती आल्या. उत्तरेच्या टेकाडावर मुख्य आयुक्तांचा प्रशस्त बंगला. त्याला मोठे व्हरांडे आणि समुद्राकडे उतरत जाणाऱ्या बागा. मध्यभागी दगडी प्रार्थनामंदिर. त्याच्या खिडक्यांच्या चौकटी ब्रह्मी सागवानाच्या आणि तावदाने इटलीहून आणलेल्या रंगीत काचेची. शिवाय रुग्णालय, छापखाना, बाजार, बेकरी, टेनिसची मैदाने, पोहण्याचा तलाव, नाचघर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र. मोठ्या साहेबांसाठी एक क्लब आणि दुय्यम कर्मचाऱ्यांसाठी निराळा, अशी व्यवस्था होती. हा दुसरा क्लब वाचून माझ्यासारख्याला हसू आल्याशिवाय राहत नाही. जगाच्या टोकाला, मुठीएवढ्या बेटावर, भोवती सहस्रावधी बंदिवान आणि अथांग समुद्र असतानाही श्रेणीचा भेद माणसांना विसरता आला नाही. किंबहुना, जागा जितकी लहान तितकी ती रेघ अधिक ठळक ओढावी लागते, हे कोणत्याही सरकारी वसाहतीत राहिलेल्या वाचकाला सांगावयास नको.

ह्या बेटाला लोक ‘पूर्वेकडील पॅरिस’ म्हणत. संध्याकाळी समुद्रावरून वारा यावा, दिवे लागावेत, वाद्ये वाजावीत, आणि दूर सुटून आलेल्या अधिकाऱ्यांच्या बायकामुलांनी आपण जणू आपल्याच देशात आहोत असे समजून घटकाभर सुखी व्हावे. त्यांचा हा आनंद खोटा नव्हता. ती माणसेही दूरवर बदलून आलेली होती. त्यांची पत्रे आठवड्यांमागून आठवड्यांनी येत. त्यांची मुले तापाने जात. बेटावर एक दफनभूमी आहे, आणि बदलीच्या गावी अपत्य पुरणाऱ्या आईबापांचे दुःख कोणत्याही राज्याच्या नोकरीत सारखेच असते. परंतु ह्या सुखाची चूल पेटती ठेवणारे हात कोणाचे होते, हे विसरून चालणार नाही. रस्ते बंदिवानांनी केले, बंगले त्यांनी बांधले, बागा त्यांनी शिंपल्या. चांगल्या वर्तणुकीच्या बंदिवानांना साहेबांच्या घरी नोकर म्हणूनही दिले जाई. शिक्षा भोगणाऱ्या माणसांच्या पाठीवर उभे केलेले हे एक विश्रामस्थान होते.

ही व्यवस्था दिसते तितकी भक्कम नव्हती, ह्याची जाणीव ८ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी झाली. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वसाहतीच्या पाहणीस आले होते. दिवसभराचे काम आटोपल्यावर त्यांना माउंट हॅरिएटच्या डोंगरावरून सूर्यास्त पाहण्याची इच्छा झाली. मुख्य आयुक्तांचे उन्हाळी निवासस्थान ह्याच डोंगरावर असे. पूर्वीचे अधीक्षक कर्नल टायटलर ह्यांच्या पत्नीचे नाव त्याला दिले होते, आणि २०२१ पासून तो माउंट मणिपूर म्हणून ओळखला जातो. सूर्यास्त पाहून व्हाइसरॉय खाली होपटाउनच्या धक्क्यावर आले, आणि अंधारातून झेप घेऊन शेर अली नावाच्या पठाण बंदिवानाने त्यांच्यावर सुरीचे घाव घातले. व्हाइसरॉयच्या पदावर असताना मारला गेलेला हा एकमेव अधिकारी. शेर अली तेथे न्हाव्याचे काम करी. मार्च महिन्यात त्याला व्हायपर बेटावर फाशी देण्यात आले. ज्यांना आपण दिसत नाही असे साहेबांना वाटत होते, ते साहेबांना पाहत होते, हा ह्या प्रसंगाचा अर्थ.

एकांताची दुसरी बाजू अजून पुरती बांधून व्हावयाची होती. १८९० साली लायल आणि लेथब्रिज ह्या दोन अधिकाऱ्यांनी वसाहतीची तपासणी करून एक चमत्कारिक निष्कर्ष काढला: अंदमानचे भय ओसरले आहे, आणि हिंदुस्थानातील तुरुंगापेक्षा लोकांना ही मोकळी वसाहत बरी वाटू लागली आहे. तेव्हा आलेल्या प्रत्येकाला प्रथम काही महिने कडक एकांतकोठडीत ठेवावे, अशी शिफारस झाली. तिच्यातून सेल्युलर जेल जन्मास आला. १८९६ मध्ये काम सुरू झाले, १९०६ मध्ये पुरे झाले; आणि तेही बंदिवानांनीच केले. मध्यभागी मनोरा आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती. सुमारे सातशे कोठड्या, प्रत्येकीत एक माणूस. रचना अशी की, एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे. म्हणजे कोणाला कोणाचा चेहरा दिसू नये. कोठडी साडेतेरा फूट लांब व साडेसात फूट रुंद, आणि उंचावर एक झरोका. मनुष्याला मनुष्यापासून तोडण्यासाठी एवढा विचार करून बांधलेली इमारत जगात थोडकीच असेल.

ह्या कोठड्यांत जे आले त्यांची नावे मराठी वाचकाला सांगावयास हवीत असे नाही. नाशिकच्या खटल्यातील गणेश दामोदर सावरकर, त्यांच्या मागोमाग जुलै १९११ मध्ये ‘महाराजा’ बोटीने आलेले त्यांचे धाकटे बंधू विनायक, वामनराव जोशी. बंगालचे बारींद्रकुमार घोष, उल्लासकर दत्त, इंदुभूषण राय. पंजाबचे भाई परमानंद. नारळाची सोडणे कुटणे, काथ्या वळणे आणि बैलाच्या जागी जुंपून घेऊन कोलूवर तेल गाळणे ही त्यांची कामे. इंदुभूषणांनी १९१२ मध्ये गळफास घेतला. उल्लासकरांच्या मनाचा तोल ढळला. दोघे सावरकर बंधू एकाच तुरुंगात असूनही पुष्कळ काळ एकमेकांना भेटू शकले नाहीत. ‘माझी जन्मठेप’ हा ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला तेव्हा मराठी घराघरांतून ह्या एकांतवासाची माहिती पोहोचली, आणि नाशिक-पुण्याच्या वाचकाला अंदमानचा नकाशा रत्नागिरीच्या नकाशाइतका जवळचा झाला. ह्या राजबंद्यांच्या पुढील मतांविषयी वाचकांत मतभेद असतील, आणि ते असावेत. परंतु साडेसात फूट रुंदीच्या कोठडीविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

आता भूगोल डोळ्यांपुढे आणा. सेल्युलर जेल ॲबर्डीनच्या उंचवट्यावर आहे. त्याच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहिले की समोर, स्वच्छ हवेत हाताने उचलावे इतके जवळ, रॉस बेट दिसते. एका काठावर नाचघर, दुसऱ्या काठावर कोलू. एका काठावर माणसे गर्दीपासून दूर आल्याचा आनंद मानीत होती, दुसऱ्या काठावर माणसे एका मानवी शब्दासाठी भिंतीवर बोटांनी टकटक करीत होती. बंदिवान नसते तर ह्या साहेबांना येथे ठेवण्याचे प्रयोजनच नव्हते. म्हणजे एक एकांत दुसऱ्या एकांतवासावर पोसला जात होता. मी स्वतः ते बेट आणि तो तुरुंग एकाच दिवशी पाहिला, तेव्हा मला दोन्हींमधील अंतर मोजण्यापेक्षा दोन्हींमधील नाते अधिक जाणवले.

शेवट निसर्गाने आरंभिला. २६ जून १९४१ रोजी अंदमानात प्रचंड भूकंप झाला. रॉसवरील इमारतींना तडे गेले, आणि मुख्य ठाणे पोर्ट ब्लेअरला हलविण्यात आले. त्र्याऐंशी वर्षांचा थाट आवरून साहेब पलीकडे गेले, तोच २३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य उतरले. मुख्य आयुक्त वॉटरफॉल कैद झाले. बेटाच्या बागांत जपान्यांनी तोफांसाठी काँक्रीटचे बंकर बांधले; ते अद्याप तसेच आहेत. डिसेंबर १९४३ च्या अखेरीस नेताजी सुभाषचंद्र बोस आले. त्यांचा मुक्काम रॉसवर मुख्य आयुक्तांच्याच बंगल्यात होता, आणि ३० डिसेंबर रोजी पोर्ट ब्लेअरच्या जिमखान्याच्या मैदानावर त्यांनी राष्ट्रध्वज फडकविला. बंदिवानांच्या बेटांना त्यांनी ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ ही नावे दिली. तो क्षण आपल्या इतिहासातील थोर क्षण आहे, ह्यात शंका नाही. तथापि त्याच दिवसांत समोरच्या सेल्युलर जेलमध्ये जपान्यांनी हेर म्हणून पकडलेले आपलेच लोक छळ सोशीत पडले होते. त्यांतील डॉ. दिवाणसिंग हे पंजाबी कवी व वैद्य १४ जानेवारी १९४४ रोजी मरण पावले, आणि ३० जानेवारीस हम्फ्रीगंज येथे ४४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. राज्य बदलले, पाहुणे बदलले; बेटाच्या ह्या काठावरून त्या काठावरचे न दिसण्याची खोड मात्र बदलली नाही. तिच्यातून थोरही सुटत नाहीत, कारण पाहुण्याला काय दिसावे हे यजमान ठरवितो.

१९४५ मध्ये इंग्रज परतले ते ही दंडवसाहत बंद करण्यासाठीच. रॉसकडे पुन्हा कोणी राहावयास गेले नाही. झाडांनी ती जागा ताब्यात घेतली. वडा-पिंपळाच्या जातीच्या वृक्षांनी भिंतींवर मुळे टाकली, आणि आज काही ठिकाणी विटा गळून गेल्या तरी मुळांच्या जाळीने भिंतीचा आकार धरून ठेवलेला दिसतो. नाचघरात आकाश आले आहे. इंग्रजांनी शिकारीसाठी आणि शोभेसाठी सोडलेल्या चितळांची प्रजा मात्र वाढली, आणि ती आता प्रवाशांच्या हातचे खोबरे खाते. १९७९ पासून हे बेट नौदलाच्या देखरेखीखाली आहे. त्याच वर्षी ११ फेब्रुवारी रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई ह्यांनी सेल्युलर जेल राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला.

आता आजच्या विश्रामस्थानांकडे येऊ. ती मुख्यतः रॉसवर नाहीत. ती बोटीने दोन-अडीच तासांच्या अंतरावरील स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप येथे आहेत. २०१८ पर्यंत ह्या बेटांची नावे हॅवलॉक आणि नील अशी होती. हॅवलॉक म्हणजे जुलै १८५७ मध्ये फत्तेपूर व कानपूर येथे नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याचा पराभव करणारा सेनापती. नील म्हणजे अलाहाबाद आणि कानपूरच्या सूडसत्रासाठी कुप्रसिद्ध झालेला अधिकारी. शेजारच्या बेटांनाही आउट्रम, लॉरेन्स, निकोल्सन अशीच नावे दिली गेली. ज्यांनी उठाव मोडला त्यांची नावे बेटांना आणि ज्यांनी उठाव केला त्यांचा देह त्या बेटांच्या मातीला, अशी ती वाटणी होती. दीडशे वर्षांहून अधिक काळ आपण ती नावे मुकाट्याने उच्चारीत राहिलो, आणि सहलीच्या पत्रकांवर छापीतही राहिलो.

ह्या बेटांवर पहिल्याने नांगर धरला तो विश्रांतीसाठी आलेल्यांनी नव्हे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडलेली कुटुंबे सरकारने येथे आणून वसविली. रान तोडून त्यांनी भाताची शेते केली, सुपारी-नारळ लावले, आणि गावांना गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी आपल्या देवाची नावे दिली. त्यांतील राधानगरच्या किनाऱ्याला २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने आशियातील सर्वोत्तम किनारा ठरविले, आणि निर्वासितांच्या गावाचे नाव श्रीमंतांच्या सहलींच्या यादीत गेले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाकूडतोडीवर निर्बंध घातल्यावर ओंडके ओढणारे हत्तीही निकामी झाले. त्यांपैकी राजन नावाचा एक हत्ती समुद्रात पोहतो म्हणून जगभर प्रसिद्ध पावला. २०१६ मध्ये मरेपर्यंत तो पाहुण्यांचे कौतुक झेलीत राहिला. ओंडके ओढण्यासाठी पोहावयास शिकविलेला प्राणी शेवटी करमणुकीसाठी पोहला. अंदमानचा सारा इतिहास थोडक्यात सांगावयाचा असता तर एवढी एक हकीकत पुरी झाली असती.

प्रवासाला जाऊ नये, असे मी म्हणत नाही. वर्षभर फायलींत मान घालून बसणाऱ्या माणसाने चार दिवस समुद्राकडे पाहत बसावे, हे न्याय्यच आहे. त्या विश्रामस्थानांवर आज राधानगरच्या मुलाबाळांचा चरितार्थ चालतो, हेही खरे. माझे म्हणणे एवढेच की, निखळ एकांत म्हणून जे आपल्याला विकले जाते ते निखळ नसते. कोणी तरी रान तोडलेले असते, कोणी तरी पाणी भरीत असतो, कोणाला तरी दृष्टीआड केलेले असते. स्वतःचा एकांत स्वतःच्या बळावर राखणारी माणसे ह्या बेटांत एकच आहेत, ती म्हणजे उत्तर सेंटिनेल बेटावरील. त्यांच्या किनाऱ्याजवळ जाण्यास कायद्याने मनाई आहे. ग्रेट अंदमानी टोळ्यांचे जे आकडे वर दिले, ते पाहिल्यावर ह्या मनाईचे मोल कळते.

ह्या हकीकतीत आपल्यासारख्या, गाव सोडून नोकरीवर बदलून आलेल्या मराठी माणसांनी विशेष विचार करावा असे काही आहे. रॉसवरील साहेब क्रूर होते म्हणून ते बेट उद्ध्वस्त झाले, असे नाही. बहुतेक जण आपल्यासारखेच नियमाने कचेरीत जाणारे, बढतीची वाट पाहणारे आणि घरच्या पत्राची आठवण काढणारे असतील. त्यांचे चुकले ते इतकेच की, बदलीच्या गावाला त्यांनी कधी गाव मानले नाही. भोवती पाणी होते, ते त्यांनी मनातही भरून घेतले. आपल्याकडे पाणी नाही, पण वसाहतीचे कुंपण आहे, आपले मंडळ आहे, आपली दिवाळी अंकांची पेटी आहे. ती असावी, ती नसती तर ह्या मासिकाचे पानही आपल्या हाती आले नसते. परंतु के. आर. पुरमच्या बाजारात कन्नड, तेलुगु आणि तमिळ ह्या तीन भाषा कानांवर पडत असताना, दहा वर्षे येथे काढूनही ज्याला भाजीवाल्याशी तिच्या भाषेत चार वाक्ये बोलता येत नाहीत, तो मनुष्य रॉस बेटावरच राहतो असे म्हटले पाहिजे. ह्याच शहरात १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर होती. त्या काळापासून इकडे रुजलेल्या मराठी घरांतून आजही घरात मराठी आणि बाहेर कन्नड असा संसार सुखाने चालतो. ती माणसेही एके काळी बदलूनच आली होती. त्यांनी बेट केले नाही, म्हणून ती टिकली.

रॉसच्या भिंती आज झाडाच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत. बांधणाऱ्यांनी ज्या मातीपासून स्वतःला एवढे दूर ठेवले, त्याच मातीने अखेर त्यांच्या घराला आधार दिला. आपण मात्र तो आधार घर पडण्याची वाट न पाहता घ्यावा.